मामांच्या पोटातलं प्लास्टर

देवाला दृष्टी देण्याचं काम माणसाकडे असतं, आणि आमच्या बाजूला ते माझ्या बायकोच्या मामांकडे आहे. पेणजवळच्या जोह्यात त्यांचा शाडूच्या गणपतींचा कारखाना. मूर्ती कोणीही घडवो, डोळे मामाच आखणार. दिवेलागणीनंतर मात्र या गृहस्थांना स्वतःच्या घराची पायरी दिसत नसे.

त्यांचं पिणं टापटिपीचं होतं. रोज तोच कोपरा, तोच पेला, आणि पिऊन गोंधळ घालणाऱ्यांचा मनापासून तिटकारा. गणपतीचे दहा दिवस थेंबही नाही. त्यात उरलेलं वर्ष धुऊन निघतं, अशी समजूत. सकाळी हात थरथरत असे. एक घोट गेला की कुंचला असा स्थिर, की बघणाऱ्याने श्वास धरावा. "हाताला लागते ती," ते म्हणत, "मला नाय आवडत."

यंदा उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजले, डोळे पिवळे दिसू लागले. मामींनी मला रोह्याहून बोलावून घेतलं आणि आम्ही तिघं पेणला डॉक्टरांकडे गेलो. सोनोग्राफीचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, "लिव्हर कडक होत चाललंय."

मामा अजिबात घाबरले नाहीत. "मग भिजत घालायचं. वाळलेला शाडू पाण्यात ठेवला की लोण्यासारखा होतो. म्हणून तर मी पाणी घालून घेतो."

डॉक्टर पेणचेच, मूर्तींच्या गावचे. "मामा, हा शाडू नव्हे. प्लास्टर समजा. एकदा बसलं की भिजवून मऊ होत नाही. आजपासून सोडलीत तर उरलेलं वाचेल. नाहीतर तेही जाईल, आणि तुम्हीही."

बसमध्ये मामांनी सोनोग्राफीचा कागद उलगडून पाहिला. मग म्हणाले, "जावईबुवा, चाळीस वर्षं प्लास्टर दारात नाय येऊ दिलं मी."

मामी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दारातनं नायच आलं. बाटलीतनं आलं."

मरणाशी मामांनी काहीतरी तडजोड केली असती. प्लास्टरशी करणं शक्य नव्हतं. डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन त्यांनी दारू सोडली. पण हात थरथरतच राहिला. कारखान्यात बिनडोळ्यांच्या पांढऱ्या मूर्ती रांगेने बसलेल्या, झरोक्यातून येणाऱ्या उन्हात माती तरंगत असलेली, आणि त्यांच्यासमोर कोरडा कुंचला धरून मामा. असे तीन आठवडे गेले. "नायच जमलं तर?" त्यांनी एकदा विचारलं. रंगाची वाटी धरून उभ्या असलेल्या मामी म्हणाल्या, "बसा. तुमच्यापरीस ह्या गणपतींना धीर हाय."

एका सकाळी केसासारखी बारीक रेघ न हलता उतरली.  मामांनी दुसरा डोळा आखायला घेतला.

पुन्हा तपासणी झाली. कडक झालेलं तसंच आहे. उरलेलं काम करतं आहे.

परवा गेलो तेव्हा मामा ओटीवर बसले होते. समोर भातशेतं, खाडीकडून येणारा वारा, बगळे घराकडे निघालेले, आणि आकाशाचा रंग असा, की तो कुठल्या वाटीत कालवला असेल ते मामांनाही सांगता येईना.

"जावईबुवा," ते हळूच म्हणाले, "संध्याकाळ एवढी लांब असते व्हय? मला कुणी बोललंच नाय."

मी घड्याळ पाहिलं. आत्ताशी साडेसहा वाजले होते.