नीवीनं सांगितलेला वारा

कॅनडाच्या उत्तर टोकाला, रेझोल्यूट ते ग्रीस फियॉर्ड या छोट्या गावापर्यंतचं अंतर चारशे किलोमीटरला जरासं कमी. छोट्या विमानाला कागदावर सव्वा तास. गावात मात्र "किती लांब?" असं विचारलं, तर लोक आधी खिडकीबाहेर बघतात.

नीवी एकोणीस वर्षं धावपट्टीवरच्या खोपट्यात बसून वैमानिकांना रेडिओवर वारा सांगत होती. पट्टी तोकडी, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला गोठलेला समुद्र. तिच्या आकड्यावर विमान उतरायचं, नाहीतर माघारी वळायचं.

एप्रिलात तिचा नवरा जायपिटी सीलच्या शिकारीहून पोट धरूनच परतला. "हावरटासारखं खाल्लं, दुसरं काय," म्हणून हसला. सकाळी ताप चढला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पोट चाचपलं.

"आत काहीतरी फुटलंय. इथे इलाज नाही. विमान मागवते."

रेझोल्यूटहून विमान निघालं तेव्हा वारा बरा होता. तासाभरात डोंगरावरून झोत सुटले.

"नीवी, वारा किती?" वैमानिक रॉसनं विचारलं.

वाऱ्याचा काटा पस्तीस नॉटवर होता, मधूनच चाळीस ओलांडत होता. वीस म्हटलं असतं, तर रॉस उतरायला आला असता. विमानात तिघं होती.

"आडवा पस्तीस. झोत चाळीसच्या वर."

रॉसनं विचारलं, "पेशंट कोण आहे गं?"

"जायपिटी."

"अगं, मग एकदा बघतो ना प्रयत्न करून!"

"आकडा तोच आहे, रॉस. माघारी जा."

ढगांमागची घरघर विरत गेली.

वारा दोन दिवस पडला नाही. सासू आलूकी दवाखान्यात मुलाच्या उशाशी बसून होती. नीवी आत येताच ती कडाडली, "एवढी कसली खरं बोलण्याची हौस? एक आकडा कमी सांगितला असतास, तर जीभ झडली असती?"

"आई, गप गं," जायपिटी कण्हत म्हणाला. "ते विमान आपटलं असतं. तीन प्रेतं पडली असती, आणि माझं पोट दुखायचं ते दुखलंच असतं."

तिसऱ्या दिवशी विमान उतरलं. नीवी खोपट्याला कुलूप लावून विमानात जायपिटीजवळ बसली. पन्नास मिनिटांनी, खाली नुसता बर्फ असताना, त्याचा हात सैल पडला. सोबतच्या नर्सनं छाती दाबून पाहिली, शेवटी मान हलवली. रेझोल्यूट अजून पंचवीस मिनिटं दूर होतं. तेवढा वेळ नीवी त्याची बोटं चोळत राहिली.

आठ दिवसांनी त्याला पुरायला गावी आणलं. नीवी आधीच परतली होती. लोक म्हणाले, आज रेडिओवर दुसरं कुणी बसेल. तिनं ऐकलं नाही. रॉसनं वारा विचारला.

"सहा," ती म्हणाली. "आभाळ मोकळं आहे. ये."

आलूकी तिच्याशी पुन्हा बोलली नाही. एकाच घरात दोघी एकमेकींकडे पाठ करून जेवतात.