दाढेतलं मिठागर

आधीच हसू नका हं! पोरीचं जमत आलेलं लग्न माझ्या एका दाढेपायी मोडायला निघालं होतं, आणि त्यात दाढेचा काही म्हणजे काही दोष नव्हता.

आम्ही उरणकडचे, पिढीजात मिठागरवाले. मिठागर गेलं, मी ट्रेलर चालवायला लागलो. पण डोकं? ते तिथंच राहिलं.

तर दाढ किडली. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी कीड कोरली, तळाचा थोडा मऊ भाग मुद्दाम ठेवला आणि वर सिमेंट भरलं. म्हणाल्या, "काका, या सिमेंटमधून फ्लोराइड सुटतं. दातातून गेलेली खनिजं हळूहळू परत बसतात, मऊ भाग घट्ट होतो. तीन महिन्यांनी दाखवा."

खनिजं बसतात! अहो, हे मला सांगता? आमच्या चार पिढ्या त्यातच गेल्या. खाडीचं पाणी अडवायचं, हलवायचं नाही, मग तळाशी मीठ धरतं. मध्येच पाणी सोडलं की मेहनत वाया. म्हटलं, सिमेंट बिचारं एकटं काय करणार, आपणही हातभार लावू. दुसऱ्या दिवशी सकाळी कडक मिठाचं पाणी तोंडात धरलं आणि ओटीवर बसलो. दोन तास. बोलायचं नाही, गिळायचं नाही.

दीड तास झाला आणि दारात गाडी थांबली. पेणचे पाहुणे! दुपारी यायचे ते सकाळीच आले. मुलगा आणि त्याचे आईवडील. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, फक्त माझा होकार बाकी होता.

थुंकायचं ना? तुम्ही थुंकला असता. मी घड्याळ पाहिलं. अर्धाच तास राहिला होता हो!

मुलाच्या वडिलांनी रामराम घातला, मी हात जोडले. त्यांनी तब्येत विचारली, मी छताकडे पाहिलं. बायकोनं कोपर मारलं. शेवटी त्यांनी सरळच विचारलं, सोयरीक मान्य आहे का. मान डोलवावी तर पाणी हलेल, म्हणून मी गाल फुगवून गप्प.

ते उठले. "तुमच्या मनात न्हाय वाटतं. मंग तसं सांगा. पोरांना आशेवर नका ठेवू."

जाऊ नका, जाऊ नका, म्हणून मी जोरजोरात मान हलवली. आडवी! झालं, सगळ्यांना वाटलं बापानं नकार दिला. दारात उभी पोरगी रडायलाच लागली. तिचे डोळे पाहिले आणि मला राहवलं नाही.

"हाय! मान्य हाय!"

शब्द कमी, पाणी जास्त. व्याह्यांचा पांढरा सदरा गळ्यापासून पोटापर्यंत भिजला. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, "खारट हाय," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मग मी सगळं उलगडून सांगितलं. साखरपुडा ठरला. त्यांनी माघार का घेतली नाही, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो, सिमेंट हललं की काय बघायला. बाईंनी सगळं ऐकलं, चष्मा काढून डोळे पुसले. "काका, मिठानं दात भरत नाही. दाताला लागणारं कॅल्शियम तुमच्या लाळेतच असतं. लाळ आणि सिमेंट मिळून काम करतात. तुम्ही काहीच केलं नसतंत ना, तरी झालं असतं."

घरी आलो तर बायको वाटच बघत होती. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

तोंडात थेंबभर पाणी नव्हतं. तरी मी बोललो नाही.