भिंतीवरचा दिवा

पौडच्या हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा खोली वडिलांनीच बघून दिली. लाइट-पाणी भाड्यातच. घरमालकीण शेतकरी घरातल्या, एकट्या. मी त्यांना मावशी म्हणे. रोज सकाळी त्या माझ्या दाराशी भरलेला हंडा ठेवत.

लाइट मात्र अर्धाच होता. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत गेलेली नव्हती. तिच्या माथ्यावर एकच दिवा टांगलेला, बटण त्यांच्या बाजूला. तिकडे त्या तांदूळ निवडत, इकडे मी वह्या तपासत असे.

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी अडखळे. लोक हसतील म्हणून मी गप्पच राही. मावशी कधी हसल्या नाहीत.

एका संध्याकाळी त्यांनी पलीकडून विचारलं, "काय पुटपुटताय बाई? देवाचं हाय का?"

मी सांगून टाकलं. मुंबईच्या एका शाळेत नोकरीची मुलाखत होती, तिची तयारी चालली होती. वडिलांना माझं लग्न उरकायचं होतं. त्यांना कळलं तर ते जाऊ देणार नाहीत, हेही सांगितलं.

"माज्या पोटात ऱ्हाईल. आमच्या धरनाची लाइट ममईला जाती, तुमी बी जावा की!"

मी हसले. त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं.

रविवारी वडील आले. मावशींनी त्यांना आपल्या बाजूला बसवून चहा दिला. मी माझ्या खोलीत वाळलेल्या साड्यांच्या घड्या घालत होते.

"नीट राहते ना?"

"ऱ्हात्यात की. पर दादा, तुमी ध्यान ठेवा म्हनला व्हता म्हनून सांगते. बाई ममईला निगाल्यात. लगीन न्हाई करायचं त्यास्नी."

"बरं झालं सांगितलंत. त्यासाठीच तर ही खोली घेतली."

आवाज हळू होते. पण ती भिंत किती उंच आहे, हे मावशींना माहीत नव्हतं असं नाही.

वडील दारात आले. "सामान आवर. शेवटच्या एस.टी.नं निघू."

मी "बरं" म्हणाले.

दिवस मावळून अंधार पडला होता. पलीकडे बटण वाजलं, दिवा लागला.

"बाई, उजेड पुरतोय न्हवं?"

मी ट्रंक ओढत बाहेर ओसरीवर नेली आणि तिथेच, अंधारात चाचपडत भरली.