कागदाची मागची बाजू

कुठलाही कागद हातात दिला की काका आधी तो उलटा करायचे. लाईट बिल असो, लग्नपत्रिका असो, कुणाची गुणपत्रिका असो. पुढं काय छापलंय ते नंतर. "कीड पानाच्या मागं बसती राव," म्हणायचे, "वरनं समदं हिरवंगार दिसतं." सगळी नोकरी जुन्नर-आंबेगावच्या बांधांवर कृषी सहायक म्हणून काढलेली. पानं उलटी करून करून हाताला खोडच लागली होती.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात. हे माझ्या दुकानात बसायचे. जुन्नरच्या एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. डोंगराकडच्या गावांतून कृषी कॉलेजला जाणारी पोरं-पोरी शोधायची, त्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज माझ्याकडून भरून घ्यायचे, हा ताप त्यांनी आपणहून डोक्याला लावून घेतलेला. त्यांच्याही आणि माझ्याही.

आवाज तर असा, की समोरच्या चहावाल्याला कळायचं कुणाचा अर्ज अडलाय. तलाठी, कॉलेजचा क्लार्क, मी, सगळ्यांना एकाच मापानं झापायचे. सर्व्हर डाऊन आहे म्हटलं, की "डाऊन म्हंजी? ताप आलाय का त्याला?" एकदा मी वैतागून विचारलं, "काका, तुमचं काय जातंय यात?"

"माझं जातंय! आख्ख्या नोकरीत भात लावलेला एक सायब मला वर भेटला न्हाय. लावणी केल्याली पोर सायब झाल्याली बघायचीय मला. बोल पुढं."

त्यांनी घाटघरची एक मुलगी आणली होती. बारीक, सावळी, बोलायला लाजणारी. बारावीला चांगले मार्क, कृषीला नंबर लागलेला. प्रवेशाचा शेवटचा दिवस. शिष्यवृत्तीचा अर्ज भरल्याची पावती दाखवली तर प्रवेश, नाहीतर सगळी फी संध्याकाळच्या आत भरा, असं कॉलेजनं सांगितलेलं. तिच्या घरी सगळी फी ही गोष्टच नव्हती. पावती म्हणजेच कॉलेज.

पावतीसाठी मशीनवर अंगठा लागत होता. तो लागेना.

"हात धुऊन ये," मी म्हणालो. ती धुऊन आली. पुन्हा लाल दिवा. पुन्हा धुतला, तेल लावलं, दहाही बोटं करून झाली. तिसऱ्यांदा मी "धुऊन ये" म्हणालो आणि काका भडकले. "किती धुवायचा? कातडं काढू का तिचं?" त्यांनी तिचा हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि माझ्या नाकासमोर आणला. दीड महिना चिखलात भात लावून बोटं सोललेली. रेघा उरल्याच नव्हत्या.

"बघ! शेती शिकायला निघाली, आन शेतीनंच हिचा अंगठा खाल्ला. आन ह्ये मशीन म्हणतंय, ही ती न्हायच!"

दुसरा मार्ग फोनचा. आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो. मी बटण दाबलं. स्क्रीनवर त्या नंबराचे शेवटचे चार आकडे आले, आणि मी स्क्रीन पटकन माझ्याकडं वळवून घेतली.

कारण तो नंबर माझा होता. घाटघरला आधारचं शिबिर लागलं तेव्हा फॉर्म मीच भरले होते. तिथं रेंज नाही, निम्म्या घरांत फोन नाही. सोय म्हणून मी अख्ख्या वाडीला माझा दुकानाचा नंबर टाकला. पुढं दुसऱ्या कंपनीची स्वस्त ऑफर आली आणि मी ते सिम टाकून दिलं. वाडीची आठवणसुद्धा झाली नाही. सांगा, शिव्या कुणाला घालायच्या?

मी म्हणालो, "कुणाचा नंबर आहे, काय माहीत." अगदी निर्लज्जपणे म्हणालो.

मुलीनं पिशवीतून आधारची जुनी पावती काढून काकांना दिली. काकांनी ती, नेहमीसारखी, उलटी केली. मागं माझ्या दुकानाचा शिक्का. शेजारी माझ्याच अक्षरात तो नंबर.

मी ओरडा खायला तयार झालो. ते ओरडले नाहीत. हेच अजून सलतं. पावती हळूच काउंटरवर ठेवून म्हणाले, "काचंखाली ठिव. रोज बघ."

मग त्यांनी त्या नंबराला फोन लावला. आता तो कुणा परगावच्या बाईकडे गेला होता. काकांनी ओटीपी मागताच तिनं त्यांच्या सात पिढ्या काढल्या आणि पोलिसात देईन म्हणाली. काका फोन ठेवून म्हणाले, "बाई बरोबर बोलती." त्यानंतर ते कॉलेजात गेले, क्लार्कपुढं हात जोडले, तहसीलला जाऊन भांडले. कुणाला पाझर फुटला नाही. मुलगी पाचच्या गाडीनं घाटघरला परत गेली. वर्ष गेलं.

दिवाळीनंतर तिच्या बोटांवर रेघा परत आल्या. काकांनी तिला नेऊन नंबर बदलून घेतला. तरी पुढच्या लावणीला त्यांनी फर्मान काढलं, पोरीनं चिखलाला हात लावायचा नाही. "सिम मरतंय, रेंज जाती. अंगठा तरी आपला ऱ्हायला पायजे." मग तिच्या वाटची लावणी करणार कोण? हे. सत्तरीचा माणूस! मी मुद्दाम बघायला गेलो. पायजमा मांडीपर्यंत खोचून, कमरेत वाकून काका भात लावत होते. मुलगी पावसात पानांच्या इरल्याखाली बांधावर उभी, हात काखेत. ती जरा वाकली की काका ओरडायचे, "हात वर!"

मीही बांधावरच उभा राहिलो. चप्पलसुद्धा काढली नाही.

त्या वर्षी ओटीपी आलाच नाही. अंगठा पहिल्या झटक्यात लागला. मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि पहिला पेढा मला दिला. "दादा, तुमच्यामुळं झालं." म्हणजे म्हाताऱ्यानं तिला काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पुडा हातात घेतला, उलटा केला, मागची तारीख वाचली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "खा. ताजा हाय."

मागच्या थंडीत काका गेले. आता दुकानात ओरडणारं कुणी नाही, आणि त्या शांततेचा मला राग येतो.

परवा ती आली. तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरायचा होता. फोन पाण्यात पडून बंद झालेला. म्हणाली, "दादा, ह्या वेळी नंबर तुमचाच टाका ना. आमच्याकडं रेंज नसती, आन तुमी काय परके हाय का?"

"नाही टाकणार!" मी असा ओरडलो की चहावाला बाहेर आला. मुलगी घाबरून मागं सरकली. मग मी काच उचलली, ती पावती काढली आणि उलटी करून तिच्यापुढं ठेवली.