भट्टीची किल्ली

बायडाबाईनं धुतलेली काच उजेडात धरली तरी दिसायची नाही, असं कॉलेजात म्हणत. त्यात अतिशयोक्ती थोडी, खरं जास्त. उचगावहून चालत येऊन ती प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या नळ्या-बाटल्या धुवायची. नऊ वर्षं रोजंदारीवर काढल्यावर, १९८३ साली, तिला कायम करण्याचा कागद एकदाचा प्राचार्य साहेबांच्या टेबलावर आला होता.

नेमकं त्याच वेळी तिथल्या प्राध्यापक श्यामलाबाईंचं संशोधन अडून बसलं होतं. दूध तयार करायचा निरोप पेशीत आरएनए नावाच्या नाजूक धाग्यावरून येतो. पिल्लं अंगावर पीत असली की हा निरोप जास्त टिकतो, असं त्यांना उंदरांच्या माद्यांत दाखवायचं होतं. पण मादी पाजणारी असो की पिल्लं दुधावरून तोडलेली, हाती धाग्याचे तुकडेच येत. तीन वर्षं अशी गेली होती. शेवटी निरोप टिकतच नाही, असं लिहून मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं.

एका दुपारी त्या कुणा विद्यार्थिनीला सांगत होत्या, की आपल्या बोटांच्या घामातही हा धागा कुरतडणारा पदार्थ असतो. तो जळून जावा म्हणून तर नळ्या भट्टीत भाजायच्या. मोरीपाशी उभ्या बायडाबाईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. भट्टीतून काढलेली प्रत्येक नळी ती बोटाला फडकं गुंडाळून पुन्हा आतून पुसायची. घरी दुधाची भांडी अशीच पुसायची सासूची शिस्त होती. कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच आपणहून कष्ट वाढवले होते.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. सही तेवढी राहिली होती. दोन दिवस तिला भाकर गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पदर खोचून, साहेब समोर असतानाच ती म्हणाली,

"बाई, निरोप टिकतोय की. मीच फाडतीया त्यो, माझ्या फडक्यानं."

श्यामलाबाई चांगल्याच संतापल्या. साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये सारला. पण संताप ओसरल्यावर बाईंनी हातमोजे मागवले आणि भट्टीची किल्ली बायडाबाईच्याच हातात दिली. चार महिन्यांनी धागा अखंड निघाला. पाजणाऱ्या मादीत निरोप दिवसभर टिकत होता, पिल्लं तोडलेलीत काही तासांतच विरत होता.

ते पाहायला साहेब आले आणि कौतुकानं एक नळी उचलायला त्यांनी उघडा हात पुढं केला. कागद अजून ड्रॉवरमध्येच होता, हे बायडाबाईला पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, हात मागं घ्या," ती म्हणाली.

साहेबांनी घेतला. सही दुसऱ्या दिवशी झाली.