उनासी की नवासी

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल? लग्नांत, मंडळाच्या गणपतीत, बँकेत चहाच्या वेळी – लोक पोट धरधरून हसले आहेत. फक्त खरी अशी ती एकदाही सांगितली नाही. आज सांगायला बसलो आणि गंमत बघा, तोंडाला कोरड पडली आहे. माझ्या! ज्याच्या हातातला माईक काढून घ्यायला दोन माणसं लागतात, त्याच्या!

आधी थोडी नेपथ्यरचना – ती सवय काही जाणार नाही. मी बालाजी घाटाजवळ राहतो. चार पिढ्या काशीत गेल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. पण एक लाज मी आयुष्यभर लपवत आलो – हिंदी आकडे. सत्तरपर्यंत ठीक चालतं. पुढे उनासी आणि नवासी. एक म्हणजे एकोणऐंशी, दुसरं एकोणनव्वद. पण कुठलं कोणतं? इतकी वर्षं बँकेत काढली, तरी मनात मराठीत मोजून मग बोलतो. सहकारी चिडवायचे, "लो, पंडितजी फिर नवासी में अटक गए!" मी हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

संध्या रामघाटावरची, वेदपाठशाळेतल्या गुरुजींची मुलगी. मला काका म्हणते. आमच्या गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे सायकल कुठली चालवणार? ती पहाटे सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायची आणि मोठ्या रस्त्यावर पोचली की सुटायची. एकोणीस वर्षांची होती तेव्हा. शहराबाहेरच्या मैदानाभोवती मुलींची स्पर्धा ठरली – एका दिवसात तीन शर्यती, तिन्हींच्या गुणांची बेरीज. जिची बेरीज सर्वांत जास्त, तिला राज्याच्या प्रशिक्षण केंद्रात जागा. एकच जागा. आणि माईकवर – दुसरं कोण असणार?

पहिल्या दोन शर्यतींचा हिशेब सोपा. पहिली येणाऱ्या मुलीला चाळीस गुण, दुसरी येणारीला अडतीस, असे दोन-दोनने उतरत. तिसरीत मात्र दर दहा फेऱ्यांनी स्प्रिंट. रेषेवर आधी पोचणाऱ्या चौघींना पाच, तीन, दोन, एक. अगदी शेवटच्या स्प्रिंटला हे सगळं दुप्पट, म्हणजे पहिलीला दहा. मान खाली घालून जीव काढणाऱ्या मुलीला ही बेरीज डोक्यात ठेवता येते का? ती आवाजावर चालते. माझ्या आवाजावर.

शेवटच्या स्प्रिंटआधी संध्या नव्वदवर होती. तिच्यामागे गोरखपूरची एक मुलगी – कधी दुसरी, कधी तिसरी येत, कुणाच्या डोळ्यांत न भरता गुण वेचत आलेली. गुण लिहायला बसलेले निवृत्त मास्तर माझ्या कानाशी ओरडले, "नवासी!" आणि मी – काय तो थाट, एक हात कमरेवर – "संध्या नब्बे! गोरखपुर उनासी!"

अकराचा फरक. शेवटी मिळून मिळून मिळणार दहा. म्हणजे संध्या जिंकलीच होती. माझ्यासमोरून जाताना तिनं मान वर केली, हसली, पाठ सरळ केली. पाय सैल सोडले.

मग मास्तरांची चिठ्ठी आली. तिच्यावर आकड्यांत – ८९.

तीन फेऱ्या उरल्या होत्या. माईक हातात होता, चालू होता. "गलती हुई, गोरखपुर नवासी" – एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हणालो? मांडवात बँकेतली निम्मी मंडळी बसली होती. बस्स. दुसरं काही कारण नाही, मी खूप शोधलं. संध्या एकदा समोरून गेली – आता बोलू. दुसऱ्यांदा गेली. आणि माझ्या तोंडून निघालं ते – "आराम से, बिटिया!"

गोरखपूरच्या मुलीनं ती स्प्रिंट मारली. नव्व्याण्णव. संध्या मागच्या घोळक्यातून आली – दोन्ही हात हँडलवरून सोडून, आकाशाकडे उंच करून.

फळ्यावरचे आकडे वाचून ती सरळ माझ्याकडे आली. "काका, तुम्ही उनासी म्हणालात ना?"

"नवासी म्हणालो गं. कान कुठे होते तुझे?"

मास्तर म्हणाले, "हम तो नवासी ही बोले थे।" ते खरं होतं, आणि माझ्या पथ्यावर पडलं. भोंगा फाटका, कुणाला उनासी ऐकू आलं होतं, कुणाला नवासी. ती सायकल घेऊन निघून गेली. केंद्रात गोरखपूरची मुलगी गेली.

इथे थांबलो असतो तर निदान भित्रा एवढंच ठरलो असतो. पण गोष्ट फार चांगली होती हो! हरलेली पोर हात वर करून येते – असा शेवट कुणाला मिळतो? त्याच वर्षी गणपतीत मी ती नकलेसकट सांगितली. संध्या तिसऱ्या रांगेत होती. तीही हसली. सगळ्यांत मोठ्यानं.

गुरुजी तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काही दोष निघाला नाही. मग घरच्यांनी ठरवलं, हिचं लक्षच नसतं. आता ती एका शाळेत खेळ शिकवते. भाजीवाल्यानं भाव सांगितला तरी विचारते, "फिर से कहिए?" समोरच्याच्या ओठांकडे बघत.

मागच्या आठवड्यात घाटावर भेटली. रिक्षावाल्यानं काहीतरी सांगितलं ते तिनं दोनदा विचारून घेतलं होतं, त्यावर स्वतःच हसत म्हणाली, "माझं हे असंच, काका. तुम्ही तर तेव्हाच सांगितलं होतंत."

मी मान हलवली. हो म्हणून.

तिला बरोबर ऐकू आलं होतं. मी उनासी म्हणालो होतो.