कुंपणापाशी उभी राहणारी बाई

कोपरला खाडीकाठी आमच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं वाढीव काम चाललेलं, तेव्हा एक बाई रोज दुपारी कुंपणापाशी येऊन उभी राहायची. येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावायचे. ती कधी पदरही लावत नसे.

एकदा तिनेच हाक मारली. “साहेब, या टाक्या साफ करायला माणूस उतरवणार?”

“नाही. आता मशीन गाळ काढतं.”

“माझा नवरा मानपाड्याला एका सोसायटीच्या टाकीत उतरलेला. वर आलाच नाही.”

मी तिला आत नेलं, मशीन चालू करून दाखवलं. काळा गाळ वर येऊ लागला. कठडा घट्ट धरून ती बघत राहिली.

“इतकं सोपं होतं, साहेब?”

मी मशीन बंद केलं. ती गेली, ती पुन्हा दिसली नाही. मशीन मात्र रोज चालतं.